हात पाठीमागे

३ मार्च

प्रिय ताई,

आठ महिने पत्र लिहिलं नाही, माफ कर. कामाचा डोंगर होता असं आधी लिहिलं होतं, पण तो कागद फाडला. काम होतंच, तरी रोज संध्याकाळी वहीत दोन पानं लिहायला मला वेळ मिळत होता. तेव्हा ते कारण खरं नाही. खरं कारण या पत्रात लिहायला जमेल असं वाटत नाही. चादरीचं तू विचारलं होतंस, त्याबद्दल नंतर लिहिते.

मुलीबद्दल मी एक निबंध लिहिते आहे. जूनमध्ये शिक्षकांच्या संमेलनात वाचायचा आहे. सुरुवात अशी आहे: ‘बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीत पाच कुत्र्यांच्या सोबत अंदाजे आठ वर्षांची एक मुलगी आढळली. रखवालदार बाप ती तीन वर्षांची असताना निघून गेला असावा. शेजारच्या खाणावळीतलं उष्टं भिंतीवरून आत टाकलं जाई, त्यावर ती आणि कुत्री जगली. एक प्रौढ मादी तिला पिल्लांप्रमाणे सांभाळत असे.’ आपल्या म्हातारीला ‘प्रौढ मादी’ म्हटलंय म्हणून तू हसशील. हस.

तू पाची कुत्री न्यायला आलीस तेव्हा फाटकाशी उभी राहून म्हणाली होतीस, “चार नेते. म्हातारी इथेच राहू दे. ह्या दोघींना तोडू नका.” मी म्हणाले, प्राण्यांपासून पूर्ण वेगळं ठेवल्याशिवाय ती माणसांत येणार नाही. तसं लिहून खाली सहीही केली. तू पाचही कुत्री गाडीत घातलीस आणि काच वर करताना म्हणालीस, “तुझ्या वहीत सगळं असतं गं, फक्त तू नसतेस.” ते अजून लागतं.

पण ताई, इथे आमच्या बालगृहात ती माणसांत आली. सरळ चालते. टेबलाशी बसून जेवते. चाळीसेक शब्द बोलते. मैत्री करायची तिला केवढी ओढ! सुरुवातीला ती आपलं उकडलेलं अंडं अर्धं खाऊन उरलेलं दुसऱ्या मुलींच्या उशीवर नेऊन ठेवायची. मुली किंचाळायच्या. मग रांगेत मागून जाऊन कुणाच्याही मानेचा वास घ्यायची. तिचं नाव ‘भुंकी’ पडलं ते तेव्हा. फक्त स्वयंपाकघरातल्या मावशी तिला ‘बयो’ म्हणतात.

म्हणून मी तिला एक रीत शिकवली. एका हाताच्या अंतरावर उभं राहायचं. दोन्ही हात पाठीमागे धरायचे. तोंडाकडे बघायचं आणि विचारायचं, “हात लावू का?” उत्तर येईपर्यंत हात सोडायचे नाहीत. शिकवायला दोन महिने लागले. ते तिचं पहिलं पूर्ण वाक्य. तेव्हापासून रोज सकाळी दात घासायच्या नळांपाशी ती ओळीनं बाविसाही मुलींना विचारते. वहीत मी त्याला ‘सातत्य उल्लेखनीय’ म्हटलंय. बाविसाही मुली काय उत्तर देत, ते मात्र वहीत नाही. त्या “नाही” म्हणत. मग तो खेळच झाला. कोण किती ऐटीत “नाही” म्हणतं, याच्या पैजा लागत. मी तिथेच उभी असे. मुलींना हळूहळू सवय होईल, असं मला वाटत होतं.

जानेवारीत एक मुलगी “हो” म्हणाली. जाड भिंगांची, दहा वर्षांची. सगळ्या तिला ‘चष्मा’च म्हणतात. ती म्हणाली, “थांब, आधी चष्मा काढते, नाहीतर तुझं नाक आपटेल.” तेव्हापासून दोघींची जोडी.

आणि परवा, एक तारखेला, तिनं चष्माच्या उजव्या खांद्याला चावा घेतला. मी अहवाल दिला. तिला आता बंद विभागात पाठवणार आहेत. सतरा तारखेला सकाळी दहाला गाडी येईल. तिथल्या दारांना आतून मूठ नसते. तिकडे गेलेलं एकही मूल माझ्या अकरा वर्षांत परत आलेलं नाही.

तू प्राण्यांची डॉक्टर आहेस. असा चावा पुन्हा होईलच असं नाही, एवढं चार ओळींत लिहून देशील का? तुझ्या शब्दाला वजन आहे.

तुझी धाकटी

९ मार्च

प्रिय ताई,

तुझं कार्ड आलं. तू अजून तशीच आहेस. ‘मत मागून मिळत नाही, जखम बघून देता येतं. दात रुतलेत की कातडं फाटलंय? पुढून की मागून? वरचे-खालचे दोन्ही दात उमटलेत? कपडा मध्ये होता का, आणि कोरडा की ओला? तू कुठे होतीस? चादर दिलीस का? म्हातारी डिसेंबरात गेली. कळवलं नाही, कारण तू विचारलं नाहीस.’

म्हातारीचं वाचलं. मुलीला सांगितलेलं नाही. तिच्या चाळीस शब्दांत त्यासाठी शब्द नाही.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं देते. कंपाउंडरकडे जाऊन पट्टी काढून जखम पाहिली. दात रुतलेत, कातडं फाटलेलं नाही. पुढे चार खुणा, मागे चार. म्हणजे खांदा वरून तोंडात धरलेला. फ्रॉक मध्ये होता. ओला होता. मी जवळच होते.

आता मुलीचं सांगते. तिला गाद्या ठेवायच्या खोलीत बंद केलंय. खिडकीला जाळी आहे, दाराला बाहेरून कडी. दाराखाली चार बोटं फट आहे, तिच्याशी गाल टेकून ती पडलेली असते. उठली की भिंतीकडेनं फिरते, सात पावलं लांब, पाच पावलं रुंद. मी रोज शिकवायच्या वेळी जाऊन बसते. ती माझ्याशी बोलत नाही.

आणि ती पुन्हा थाळीत तोंड घालून जेवायला लागली आहे. अधीक्षक जाळीतून बघून गेले. म्हणाले, “बघा बाई. शेवटी मूळ स्वभावावर गेलीच.” मलाही तसंच वाटलं. वहीत तसं लिहायलाही घेतलं. मग काल नीट पाहिलं. ती हात वापरत नाही, कारण तिचे हात पाठीमागे आहेत. जेवताना, बसताना, फिरताना, सारखे. एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरलेलं, मी शिकवलं तसंच. एक तारखेपासून तिनं ते सोडलेले नाहीत. मी म्हणाले, “हात सोड.” तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, पण हात सोडले नाहीत.

मावशी रिकामी थाळी न्यायला आल्या होत्या. म्हणाल्या, “बोलणाऱ्याची माती विकली जाते बाई, न बोलणाऱ्याचं सोनंही विकलं जात नाही. बयोला बोलता आलं असतं, तर ती काय बोलली असती?”

मी म्हणाले, “कुणास ठाऊक.”

“तुम्हाला नाही ठाऊक?” त्या म्हणाल्या आणि थाळी घेऊन गेल्या.

चादरीचं पुढच्या पत्रात.

तुझी धाकटी

१३ मार्च

ताई,

तुझ्या कार्डावर या वेळी दोनच ओळी. ‘हा चावा नाही. पिल्लू उचलणारी आई असंच धरते. माझं मत पुरेसं नाही, ‘जवळच’ म्हणजे किती ते लिही.’

एकशे चाळीस पावलं. आज दुपारी मोजली. धुण्याच्या खोलीच्या दारापासून माझ्या खोलीतल्या टेबलापर्यंत.

एक तारखेला चार ते पाच धुण्याच्या खोलीवर माझी पाळी होती. तिथे कपडे भिजवायचा सिमेंटचा हौद आहे, माझ्या कमरेपर्यंत. मोठं माणूस असल्याशिवाय मुलींनी आत जायचं नाही असा नियम आहे. त्या दिवशी धुणं लवकर आटोपलं. मुली अंगणात गेल्या. मी दार नुसतं लोटलं, कुलूप घातलं नाही, आणि खोलीवर आले. सकाळची नोंद डोक्यात ताजी होती, ती निसटू नये म्हणून. निबंधासाठी. चार दहा ते चार पस्तीस मी लिहीत होते. मला वेळ लिहायची सवय आहे, तुला माहीत आहे. पानाच्या कोपऱ्यात वेळ आहे.

चार पस्तीसला आरडाओरडा ऐकून धावले. चष्मा हौदाशेजारी जमिनीवर, खांद्यातून रक्त. मुलगी तिच्यावर वाकलेली, तोंडाला रक्त लागलेलं. दोघी चिंब भिजलेल्या. हौदापासून त्यांच्यापर्यंत पाण्याचा रुंद पट्टा ओढला गेला होता. मी तो पाहिला, ताई. संध्याकाळी अहवाल लिहिताना तो डोळ्यांसमोर होता. मी लिहिलं: ‘मुलीच्या उजव्या खांद्यावर दातांचे व्रण. चावा घेणारी मुलगी जागेवरच आढळली.’ यातला एकही शब्द खोटा नाही. हे वाक्य जुळवायला मला पाऊण तास लागला.

मला काही ठाऊक नव्हतं, असंही म्हणता येत नाही. अहवाल देण्याआधीच मी चष्माला भेटले होते. कंपाउंडरच्या खोलीत ती पाय हलवत बसली होती.

“बाई, माझा चष्मा हौदात पडला. काढायला वाकले आणि डोक्यावरच गेले आत.”

“बोलू नकोस, दुखेल.”

“दुखत नाहीये. बाई, तिनं मला विचारलं. पाण्यातून आवाज असा लांबून येतो. ‘हात लावू का? हात लावू का?’ तीनदा विचारलं. मी हो म्हणत होते पण नाकातोंडात पाणी जात होतं. मग तिनं मला दातांनीच ओढलं. हात मागेच होते तिचे. तुम्ही शिकवलेत तसे.”

मी म्हणाले, “आता पडून राहा.”

“तिला मार बसेल का?”

“नाही.”

“आणि मला? चष्मा फुटला. हा तिसरा.”

“नाही म्हटलं ना.”

म्हणजे अहवालातलं वाक्य मी जुळवत होते ते हे सगळं ऐकल्यावर. चष्माला पुन्हा कुणी काही विचारलं नाही. सही शिक्षिकेची असली की इथे मुलाला विचारायची पद्धत नाही.

तू म्हणशील, मग सांगत का नाहीस. गेल्या वर्षी एक काळजीवाहक बाई दहा मिनिटं मुलांना सोडून फाटकापर्यंत गेली होती. तिला काढून टाकलं. चौकशीत साक्ष माझी होती. ‘दहा मिनिटं’ हा आकडा मीच दिला, कारण मी घड्याळ पाहिलं होतं. तिनं खोली सोडली तेव्हा दोन पिशव्या घेऊन फाटकाशी उभी होती, मी खिडकीतून पाहिलं. माझी पंचवीस मिनिटं आहेत. ही खोली नोकरीबरोबरच मिळालेली आहे. चव्वेचाळीस वर्षांच्या, कामात हयगय केली म्हणून काढलेल्या बाईच्या हातात कुणी मुलं देत नाही, आणि मला दुसरं काही येत नाही.

काल मी अर्धवट प्रयत्न केला. अधीक्षकांना म्हणाले, “साहेब, तो चावा मुद्दाम घेतलेला नसेल तर?”

ते हसले. “बाई, तुमचा अहवाल म्हणजे छापील पुस्तक. तुम्ही नाकासमोर चालणाऱ्या. तुमच्या लिहिण्यावर मी शंका घ्यायची आणि तीही तुमच्यासमोर?”

“नाही, पण—”

“तुमचा जीव जडलाय तिच्यावर, मला कळतं. वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही तुमचं काम चोख केलंत.”

मी “बरं” म्हणाले. ताई, मी “बरं” म्हणाले आणि दार हळू लावून बाहेर आले.

बाहेर मावशी लसूण सोलत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “सांगितलंत का?”

“काय?”

“स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुमची खोली दिसते. त्या दिवशी मला तुमची पाठ दिसत होती. लिहीत होतात.” मग पाकळी बोटांत तशीच धरून म्हणाल्या, “मी नाही कुठे बोलणार. मलाही घर आहे, आणि मला कुणी विचारलंही नाही. आपलेच दात अन् आपलेच ओठ. पण तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून म्हटलं.”

एक तारखेचं पान मी वहीतून फाडलं आहे. वही लिहायला लागल्यापासून बावीस वर्षांत पहिल्यांदा पान फाडलं. जाळणार होते, जाळवलं नाही. या पत्रासोबत पाठवते. तुझ्याकडे राहू दे, नाहीतर तूच जाळ. माझ्या खोलीत नको.

धाकटी

१६ मार्च

प्रिय ताई,

पान परत मिळालं. सोबत चिठ्ठी नव्हती. पाकीट उलटंपालटं करून, फाडून, आतून पाहिलं. राग आला तुझा. मग आठवलं, लहानपणी मी कप फोडून तुकडे तुझ्या दप्तरात लपवले होते, तेव्हाही तू काही न बोलता ते आणून माझ्या पुढ्यात ठेवले होतेस.

आता चादरीचं.

तुझं पार्सल आलं जुलैत. मी उघडलं. म्हातारीच्या अंगाखालची राखाडी चादर, केसांसकट, आणि तुझी ओळ: ‘हिला वासाची ओळख राहू दे.’ मी ती माझ्या कपाटात खालच्या खणात ठेवली. वहीत लिहिलं, ‘आरोग्याच्या दृष्टीनं देणं योग्य नाही.’ ते खरं कारण नव्हतं. ती वास घेऊन रडेल, पुन्हा मागे जाईल, माझे महिने फुकट जातील, ही भीती होती. आणि तू बरोबर ठरशील, हीसुद्धा.

शिकवणी माझ्या खोलीत असायची. आठ महिने ती माझ्यासमोर बसताना खुर्ची वळवून कपाटाकडे तोंड करून बसायची. मी रोज खुर्ची सरळ करायचे. वहीत चौदा ठिकाणी ‘लक्ष विचलित’ असं आहे. आज मोजलं. तुला पत्र लिहिणं मी का टाळत होते, ते आता कळलं असेल. तुझा पहिलाच प्रश्न पुन्हा चादरीचा असणार होता.

आज दुपारी चारला चादर काढून घेतली आणि गाद्यांच्या खोलीकडे गेले. दाराबाहेर चष्मा जमिनीवर बसली होती. नवा चष्मा अजून यायचा आहे, त्यामुळे तिनं मला पावलांवरून ओळखलं असावं. ती दचकून उठली. हातात काहीतरी लपवलं.

“काय आहे?”

“काही नाही, बाई.”

“दाखव.”

अर्धं अंडं होतं. दातांनी तोडलेलं. आत्ताच खाल्लं म्हणावं, तर ओठ कोरडे होते.

“मी सकाळचं ठेवते,” ती म्हणाली. “अर्धं खाते आणि अर्धं खालून सरकवते. तिला तसं आवडतं. आख्खं दिलं तर घेत नाही. पहिल्या दिवशी दिलं होतं, परत ढकललं.”

“किती दिवस देतेस?”

“रोज.”

मी कडी काढली. ताई, उद्या दहाला ती गाडीत बसेल हे मला ठाऊक आहे, तिला नाही. तरी ती आज दारापासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात होती. मला पाहून उठली नाही. मग हवेत नाक वर केलं. मी अजून घडीही उलगडली नव्हती.

ती आली. धावत नाही, चालत, सरळ, मी शिकवलं तशी. एका हाताच्या अंतरावर थांबली. हात पाठीमागेच. तिनं चादरीकडे नाही, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा बोलली.

“हात लावू का?”

नऊ महिन्यांत मी तिला प्रश्न शिकवला. उत्तर द्यायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. बाविसाही मुली “नाही” म्हणत होत्या तेव्हा तिनं मला कधी का विचारलं नाही? विचारलं असेल. चाळतेय वही, सापडत नाही. मी लिहिलं नसेल.

“हो,” मी म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, “हो. लाव.”

मनगट धरलेली बोटं सुटायला वेळ लागला. आखडली होती. मग दोन्ही हात पुढे आले. तिनं चादर घेतली, तोंड खुपसलं. ती रडेल असं मला वाटत होतं. ती रडली नाही. चादरीचा कोपरान् कोपरा हुंगला, शिस्तीत, एखाद्यानं घरातल्या सगळ्या खोल्या बघून याव्यात तसा. म्हातारी नाही, हे तिला त्यात कळलं की नाही, मला सांगता येत नाही. तुला आलं असतं.

मग ती दाराशी बसली. मी आत आल्यावर दार लोटून घेतलं होतं. तिनं चादरीचं अर्धं आपल्या मांडीखाली घेतलं आणि उरलेलं अर्धं फटीतून बाहेर सरकवायला लागली. हातांनी.

बाहेरून चष्माचा आवाज आला, “बाई, हे काय आहे?”

“तुझ्यासाठी आहे. अर्धं.”

बाहेरून चादर ओढली गेली. मग, “कुत्र्याचा वास येतोय.”

“हो.”

“चांगलाय,” ती म्हणाली. आणि फटीतून अंडं आत आलं.

त्या दोघी दाराच्या दोन बाजूंना एकाच चादरीवर बसल्या. मी आत, गाद्यांच्या चळतीला टेकून. मला बाहेर जायचं, तर दार उघडावं लागलं असतं, आणि चादर दाराखाली होती. साडेपाचला मावशी जेवण घेऊन येईपर्यंत मी तिथेच बसून राहिले. मावशींनी दार हळूच किलकिलं केलं, आम्हा तिघींकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “बाई, आज तुम्हीपण कोंडल्या गेलात होय?”

मुलगी हातानं जेवली.

खोलीवर येऊन हे लिहिते आहे. अजून उजेड आहे. खिडकीतून फाटक दिसतं. उद्यानंतर ते कदाचित बाहेरून बघेन. तुझ्याकडे आठवडाभर राहायला जागा आहे का, असं विचारणार होते, पण ते आत्ता विचारलं तर मी उत्तराची वाट बघत बसेन आणि दहा वाजून जातील. म्हणून विचारत नाही. चादरीचं मात्र उत्तर मिळालं तुला. दिली.

डिंकाची बाटली सापडली आहे.

उद्या: एक तारखेचं पान वहीत परत चिकटवून वही दहाच्या आत अधीक्षकांच्या टेबलावर ठेवणे.